सॅल्ब्युटामॉल द्या, मग श्वास पुन्हा मोजा

मुलागो हे युगांडातलं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय, कंपालात. खोकला आणि धाप घेऊन तिथे आलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांची डॉ. रिबेका नंटांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट तपासणी केली. न्यूमोनिया समजून प्रतिजैविकं दिलेल्या कितीतरी मुलांना खरं तर दमा होता. मला हे फार अस्वस्थ करतं.

असं का होतं? आफ्रिकेतल्या गावच्या दवाखान्यात ना एक्स-रे असतो, ना बालरोगतज्ज्ञ. नर्स मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजते. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या या नियमाने असंख्य जीव वाचवलेत. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना श्वास मोजायला शिकवलं, ते याच विचाराने. पण दम्याच्या मुलाचाही श्वास जलद चालतो, त्याचीही छाती आत ओढली जाते. नुसतं मोजून दोघं वेगळे कळत नाहीत.

म्हणून घरघर ऐकू आली की आधी सॅल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा, पंप द्यायचा. गरज पडली तर पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने, तीन वेळांपर्यंत. मग पुन्हा मोजायचं. श्वास निवळला तर दम्याचा विचार करा. पूर्वीही असं झालं होतं का, रात्री खोकला येतो का, घरात कुणाला दमा आहे का, हे आईला विचारा. ताप आहे म्हणून दमा नाही, असं मात्र मानू नका. साध्या सर्दीनेही दमा उसळतो. श्वास तरीही जलदच राहिला तर अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक द्यायलाच हवं. वर्षाखालच्या बाळांत घरघरीचं कारण बहुधा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे विषाणूमुळे बारीक श्वासनलिकांना आलेली सूज, असतं, तिथे पंपाचा फारसा उपयोग होत नाही. मलेरियाच्या भागात रक्ततपासणी हवीच, आणि आईला एचआयव्ही असेल तर बाळाची तपासणी. मूल पीत नसेल, झटके येत असतील, सुस्त पडलं असेल किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल, तर ते थेट रुग्णालयात जायला हवं.

पंप असला तरी स्पेसर, म्हणजे पंप आणि मुलाचं तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, नसतो. केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली बाजारातल्या स्पेसरइतकंच काम करते. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं आणि फट राहू द्यायची नाही. त्या चाचणीतली मुलं पाच वर्षांची किंवा मोठी होती. लहानग्यांसाठी बाटलीच्या तोंडाला मास्क बसवावा लागतो. सॅल्ब्युटामॉलचं सिरप स्वस्त म्हणून दिलं जातं, पण त्याने हात थरथरतात, छाती धडधडते आणि आराम कमी पडतो.

आणि कार्डावर लिहा: घरघर होती, पंपाने उतरली. दर वेळी फक्त 'न्यूमोनिया' लिहिलं, तर पुढच्या नर्सला दमा आटोक्यात ठेवणारा रोजचा बेक्लोमेथासोनचा पंप सुचणार कसा?