गाडीच्या रिमोट चावीचा सेल स्वतः बदलताना

नमस्कार. गाडीचे दार पूर्वी लांबून उघडत होते आणि आता अगदी जवळ जाऊन बटण दोन-तीनदा दाबावे लागत असेल, तर बहुतेक वेळा रिमोट बिघडलेला नसतो, त्यातला सेल उतरलेला असतो.

बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. या क्रमांकात त्याचे माप दडलेले आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे तो २०३२ च्या जागी सहज बसल्यासारखा वाटतो. मी एकदा हीच चूक केली होती. टेबलावर रिमोट व्यवस्थित चालला, खिशात हलला की मात्र बंद पडत असे. म्हणून जुना सेल काढून त्यावरचा क्रमांक वाचावा आणि तोच आणावा.

आता रिमोट उघडू. आतली धातूची चावी कळ दाबून बाहेर काढली की, बऱ्याच रिमोटमध्ये तिच्या जागेजवळ एक बारीक खाच दिसते. तिथे चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक पातळ कापडात गुंडाळून घालावे आणि ते उचकटण्याऐवजी हळूच पिळावे. कवच टक् आवाज करून सुटते. घाई केल्यास प्लॅस्टिकचे आकडे तुटतात, आणि मग कवच कधीच घट्ट बसत नाही.

सेल काढण्यापूर्वी त्याची कोणती बाजू वर आहे याचा फोटो घ्यावा. सेलची रुंद, सपाट आणि अक्षरे कोरलेली बाजू धन असते. नवा सेल कडेने धरावा, धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडू नयेत, आणि आतल्या पितळी पट्ट्या वाकवू नयेत. कवच बंद करण्याआधी सर्व बटणे तपासून पाहावीत.

सेल वाटेतच पूर्ण संपला, तर धातूच्या चावीने दार उघडते. बटणावर सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून धरला की इंजिनही सुरू होते, कारण रिमोटमधल्या चिपला लागणारी ऊर्जा तेवढ्या अंतरावरून गाडीच पुरवते. नेमकी जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

जुना सेल टेबलावर ठेवून उठू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते; रिमोटला न पुरणाऱ्या सेलमध्येही तेवढी वीज शिल्लक असते. तशी नुसती शंका आली तरी मुलाला उलटी करवू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा आणि ई-कचरा संकलनात द्यावा.