दोन छापखाने एक होतात तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

'मुद्रण कंपन्यांच्या विलीनीकरणाला उच्च न्यायालयाची मंजुरी' अशी बातमी वाचली की वाटायचं, न्यायाधीशांनी ताळेबंद चाळून सौदा फायद्याचा ठरवला असेल. ते त्यांचं काम नव्हतंच.

१९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३९१ ते ३९४ खाली ही प्रकरणं उच्च न्यायालयात यायची. आधी भागधारकांच्या आणि धनकोंच्या, म्हणजे कंपनीकडून ज्यांचं येणं आहे त्यांच्या, वेगळ्या सभा. मतदान करणाऱ्यांत नुसतं डोकी मोजून बहुमत पुरत नसे, मूल्यानं, म्हणजे त्यांच्याकडच्या भागांच्या किंवा येण्याच्या रकमेच्या हिशेबानं, तीन-चतुर्थांश पाठिंबा लागे. मग न्यायालय. १९९६ च्या मफतलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मंजुरी देणाऱ्या न्यायालयाची भूमिका क्रिकेटच्या पंचासारखी सांगितली: नियम पाळले जातात का ते पाहायचं, फटका कुठला मारायचा ते खेळाडूंनी ठरवायचं. माहिती दडवली असेल किंवा योजना कायद्याविरुद्ध असेल, तर मात्र मंजुरी नाकारता येते.

छापखान्यांत खरी ओढाताण होते ती भागांच्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून, म्हणजे एका कंपनीच्या किती भागांच्या (शेअर्सच्या) बदल्यात दुसरीचे किती भाग द्यायचे यावरून. एकाकडे महागडं ऑफसेट यंत्र आहे पण कामं नाहीत, दुसऱ्याकडे कामं आहेत पण यंत्र जुनं. कोणाचं मोल किती? शिवाय जुन्या यंत्रापेक्षा त्याच्याखालची जमीनच अनेकदा जास्त किमतीची असते! मूल्यांकन करणाऱ्याच्या अहवालातला हा भाग मी तरी आधी वाचेन.

आणि यंत्रावरचे, बांधणीतले कामगार? नोकरीत खंड पडला नाही आणि नव्या मालकाकडच्या अटी आधीपेक्षा वाईट नसल्या, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफएफप्रमाणे भरपाई मिळत नसे. म्हणून योजनेतलं सेवाशर्तींचं कलम त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं.

राज्य सरकारचाही वाटा असतो बरं का. मंजुरीचा आदेश हाच दस्त, त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे २००३ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं.

डिसेंबर २०१६ पासून हे काम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेलं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार आता आक्षेप घ्यायला किमान १० टक्के भाग, किंवा एकूण थकीत कर्जापैकी किमान ५ टक्के येणं हवं. उगाच अडवणूक करणाऱ्यांना यानं चाप बसला, हे खरं. पण कागद उधारीवर देणाऱ्या लहान व्यापाऱ्याची थकबाकी बँकेच्या कर्जापुढे ५ टक्क्यांवर कशी जाणार? त्याला सभेत मत देता येतं, आक्षेप मात्र घेता येत नाही. ही अट मला जाचक वाटते.