फेब्रुवारीचा थकवा जूनमध्ये ठरतो

(घरगुती शिकवण्या घेणाऱ्या शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी. इथे बसलेले आपण बहुतेक जण घरातल्या पुढच्या खोलीत, नाहीतर भाड्याच्या गाळ्यात शिकवण्या घेणारे. आपल्याला मुख्याध्यापक नाहीत, तशी रजाही नाही. आजारी पडलो की बॅच बुडते आणि संध्याकाळपर्यंत पालकांचे फोन सुरू होतात. मे महिन्यात फी येत नाही, घरखर्च मात्र थांबत नाही. अशा धंद्यात ज्याच्या अंगात जोर कमी आहे, त्यानं मन लावून आणि नीट काम कसं करायचं, यावर मला बोलायचं आहे.

मला बरीच वर्षं आमवात आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, खडू धरवत नाही. अकराच्या सुमाराला हात मोकळे होतात. दीडपर्यंत डोकं आणि शरीर दोन्ही साथ देतात. दुपारनंतर पुन्हा उतरण लागते. आणि मुलं येतात साडेचारला! शाळा सुटल्याशिवाय शिकवणी नाही, म्हणजे आपल्या धंद्याची वेळच अशी की दिवसातला आपला चांगला वेळ मुलं समोर नसताना निघून जातो. तुमच्यापैकी कुणाला थायरॉईड असेल, कुणाला पाठीचं दुखणं असेल, कुणाकडे लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले सासरे असतील. कारण वेगळं असेल, पण ही वेळेची चुकामूक बहुतेकांची आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, विशेषतः समोर बसलेल्या भगिनींना. वेळापत्रक बदलण्याआधी रक्त तपासून घ्या. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असताना पहाटे उठायचे संकल्प करणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. आपण त्याला आळस म्हणतो, घरचेही म्हणतात. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तो शब्द स्वतःसाठी वापरू नका.

आता मुख्य मुद्दा. जानेवारी-फेब्रुवारीत आपण मोडून पडतो, ते शिकवण्यानं नाही. जूनमध्ये दिलेल्या होकारांनी मोडतो. जूनमध्ये नऊ महिन्यांची काळजी एकदम डोळ्यांसमोर उभी राहते आणि दारात आलेल्या कुणाला नाही म्हणवत नाही. आठवीची बॅच झाली, मग नववी, दहावी, शेजारच्या बाईंचा सहावीतला मुलगा, कुणाचं सेमी, कुणाचं पूर्ण इंग्रजी माध्यम, कुणाचं सीबीएसई. प्रत्येक होकार दिसायला छोटा असतो. पण इयत्ता, माध्यम आणि मंडळ बदललं की तयारी वेगळी, वह्या वेगळ्या, परीक्षेच्या तारखा वेगळ्या. वीस मुलं एकाच इयत्तेची असणं आणि वीस मुलं पाच इयत्तांची असणं, यांत मुलांची संख्या तीच राहते, पण डोक्यावरचा भार कितीतरी वाढतो. मन एका विषयावरून दुसऱ्यावर नेताना दर वेळी थोडा जोर खर्च होतो, आणि ज्याच्याकडे मुळातच थोडा आहे त्याला तो खर्च झेपत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: जागा किती आहेत ते सतरंजी पाहून ठरवू नका. आपल्या सर्वांत वाईट आठवड्यात आपण किती बॅच उभ्या करू शकतो, त्यावरून ठरवा. माझ्याकडे फक्त नववी आणि दहावीचं गणित आहे, मराठी आणि सेमी माध्यमाचं. बाकी मुलांना मी दुसऱ्या शिक्षकांचे नंबर देते. उत्पन्न कमी होतं, हे खरं आहे. पण जी मुलं राहतात ती टिकतात, त्यांची धाकटी भावंडं येतात, आणि फीसाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

यात आणखी एक बदल लक्षात घ्या. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, बारावीची ११ फेब्रुवारीला. पूर्वी दहावी मार्चमध्ये असे आणि दिवाळीनंतर निवांत उजळणी व्हायची. आता दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन आणि सहली वजा केल्या तर हातात फार काही उरत नाही. जूनमध्ये जास्तीची बॅच घेताना हा आखडलेला हिवाळा समोर ठेवा.

चांगला वेळ मुलं नसताना येतो म्हणाले. त्या वेळेचं काय करायचं? तिथे संध्याकाळचं काम आधी उरकून ठेवायचं. माझ्या त्या दीड-दोन तासांत फोन दुसऱ्या खोलीत असतो. तेव्हा मी फक्त दोन गोष्टी करते: कालच्या चुका वाचते आणि आजची गणितं निवडते. फीचा हिशोब, झेरॉक्स, पालकांचे निरोप हे सगळं थकल्या वेळेचं काम आहे, ते दुपारी चारला आडवं पडूनही होतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सकाळी ताजेपणी व्हॉट्सअ‍ॅप उघडतात आणि रात्री पेंगत वह्या तपासतात.

चुका वाचणं म्हणजे काय, ते एका गणितावर दाखवते. वर्गसमीकरण आहे: दोन एक्स वर्ग, उणे सात एक्स, अधिक तीन, बरोबर शून्य. सूत्रानं सोडवायचं. उत्तर तीन आणि एक छेद दोन. वह्या पाहिल्या तर चुकलेली मुलं साधारण दोन गटांत पडतात. एका गटाला 'उणे बी' म्हणजे उणे सातच वाटतं, कारण उणे चिन्ह समोर दिसतंय. त्यांची उत्तरं येतात उणे तीन आणि उणे एक छेद दोन. दुसरा गट बीचा वर्ग उणे एकोणपन्नास लिहितो, वर्गमुळाखाली उणे त्र्याहत्तर येतं आणि मुलं तिथेच पेन ठेवतात. पहिल्या गटाला कंस शिकवायचा आहे: उणे, कंसात उणे सात. दुसऱ्याला ऋण संख्येचा वर्ग पुन्हा सांगायचा आहे. हे दुपारी बाराला कळलं, तर संध्याकाळी दहा मिनिटांत काम होतं. नाही कळलं, तर मी सबंध सूत्र पहिल्यापासून तासभर ओरडून सांगते, माझा घसा बसतो आणि दोन्ही गट तिथल्या तिथेच राहतात.

घशाचा विषय निघाला म्हणून सांगते. आवाज हे आपलं भांडवल आहे. पंख्याच्या आवाजावर आवाज चढवू नका, सारखं खाकरू नका. आणि घसा बसल्यावर कुजबुजत शिकवणं हा उपाय नाही, त्यानंही स्वरयंत्रावर ताण पडतो. गळ्यात अडकवायचा छोटा माईक मिळतो, तो घ्या. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

साडेचारला मुलं आली की पहिली पंधरा मिनिटं मी बोलत नाही. फळ्यावर तीन गणितं असतात: एक कालचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक दोन महिन्यांपूर्वीच्या प्रकरणातलं. वही बंद, पुस्तक बंद, आठवून सोडवायचं. काही पालकांना वाटतं, बाई शिकवतच नाहीत. त्यांना मी एक प्रयोग सांगते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, आणि काहींना एकदा वाचून तो वारंवार आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांत मी खुर्चीत बसून दम घेते, त्याच पंधरा मिनिटांत मुलांचं शिकणं सर्वांत पक्कं होतं. शिक्षकाची दमछाक आणि मुलाचं शिकणं एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे. वर्गात घाम मुलांना यायला हवा.

भौमितिक रचनांचं तर मी फळ्यावर करणंच सोडलं आहे. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना बोटं बरी असताना एकदा फोनवर चित्रित करून ठेवली. मुलं ती हवी तितक्या वेळा थांबवून बघतात, मी त्यांच्या कंपासपेटीतल्या सैल कर्कटकांकडे बघत फिरते.

घरातून क्लास चालवणाऱ्या बायकांची एक वेगळी अडचण आहे. "तू काय, घरीच तर असतेस." त्या एका वाक्यात आपली दुपार जाते. गॅसवाला, पाहुणे, नणंदेचा फोन, बँकेतलं काम. अकरा ते एक दार वाजलं तर मी उघडणार नाही, हे घरच्यांना बसवून, शांतपणे, जूनमध्येच सांगा. पालकांनाही एका कागदावर लिहून द्या: फी तीन हप्त्यांत, सुट्ट्या या, निरोपांना उत्तर दुपारी चार ते साडेचार. लिहून दिलेलं लोक पाळतात, हा माझा अनुभव आहे.

आठवड्याची सुट्टी मात्र आपल्याला कुणी देणार नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही साप्ताहिक सुट्टी द्यावी असं आहे. पण त्या पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. आपली खोली त्यात बसत नाही. आपली सुट्टी आपणच घ्यायची, आणि त्या दिवशी वह्यांचा गठ्ठाही उघडायचा नाही.

शेवटी जोडीदाराबद्दल. माझी आणि आमच्याच पेठेतल्या एका विज्ञानाच्या शिक्षकांची समजूत आहे. माझे सांधे धरले तर माझी मुलं दोन दिवस त्यांच्याकडे बसतात. ते आजारी पडले तर त्यांची मुलं माझ्याकडे. शिकवायचं नाही, फक्त सराव करून घ्यायचा. दोघांकडेही दोन दिवस पुरतील अशा सरावपत्रिका तयार असतात. पैशांची देवाणघेवाण नाही. ही एक व्यवस्था असल्यामुळे ताप असताना उठून फळ्यासमोर उभं राहायची वेळ माझ्यावर येत नाही. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपली पेठ, विषय आणि इयत्ता तिच्यात लिहा आणि जवळच कोण राहतं ते बघा. चहा होईपर्यंत निदान बारा-पंधरा जोड्या जुळायला हरकत नाही.