दोन-चारच्या हातात दोन-आठ

(ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहानिमित्त सांगलीतल्या एका महिला मंडळात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पाऊस धरलाय, आयर्विन पुलाखाली पाणी किती आलं ते तासातासाला मोबाईलवर कळतंय, आणि तरी तुम्ही एवढ्या जणी आलात. २०१९च्या महापुरापासून ऑगस्ट लागला की सांगलीकरांच्या पोटात गोळा येतो, म्हणून तुमच्या येण्याचं मला जास्तच अप्रूप आहे. काही सासूबाई सुनांना घेऊन आल्यात. त्यांनी पुढे बसा, आज त्यांचं काम आहे.

विषय आहे पंपाचं माप. अंगावरचं दूध काढायच्या पंपाचं. पण मी सुरुवात कासारमामांपासून करणार आहे.

आमच्या माहेरी, तासगावच्या अलीकडे, कासारमामा यायचे. ओसरीवर घोंगडं पसरलं की गल्लीतल्या सगळ्या बायका जमायच्या. मामा कुणाला माप विचारत नसत. हात हातात घ्यायचे, अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचे आणि म्हणायचे, "दोन-सहा." दुसरा हात घ्यायचे आणि म्हणायचे, "हा दोन-चार." आमच्या आत्याचा उजवा हात भाकरी थापून रुंद झाला होता, तिला दोन्ही हातांना वेगळी मापं लागायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आणि डोहाळजेवणाच्या दिवशी, हात सुजलेले असायचे तेव्हा, मामा सांगायचे, "पोरी, आज मोठं माप भरतो. बाळंत झालीस की ये, बदलून देतो." बाळंतपणात अंगाचं माप बदलतं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आता ही दोन-चार, दोन-सहा म्हणजे काय? रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा भाग. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार भाग. दोन-चार आणि दोन-सहा यांत फरक दोन भागांचा, म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. एवढ्याशा फरकासाठी आपण बांगडी परत करतो. आणि पंपाचा जो कप छातीला लावायचा असतो, ज्याला कुणी फनेल म्हणतं, कुणी शील्ड, त्याच्या मधल्या नळीची मापंही अशीच चढत जातात. २१, २४, २७, ३०. मध्ये तीन-तीन मिलिमीटर. पण दुकानात जाऊन पंप आणणाऱ्या नवऱ्याला कुणी विचारत नाही की कितीचा देऊ. डब्यात असेल तो, आणि तो बहुधा चोवीसचा.

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी ड्यूटीवर परत गेले. मी नर्स. ज्या दवाखान्यात बाळंतिणी सांभाळायचे, तिथेच मला दूध काढायला जागा होती ती चादरींच्या खोलीत. आतून कडी नव्हती. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाठीने दार दाबून धरायचं आणि पंप लावायचा. पहिल्या दोन मिनिटांतच निपलचं टोक पांढरंफटक पडायचं, नंतर जांभळं. भोवतीचा काळसर भाग सगळा नळीत ओढला जायचा. अर्ध्या तासानं बाटलीत दूध किती, तर तळाशी दोन बोटं. मी पंपाची खेच वाढवायचे. दुखणं वाढायचं, दूध तेवढंच.

घरी जाऊबाईंनी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली. फार मायेनं केलं त्यांनी. पण येणारी प्रत्येक बाई एकच बोलायची, "हिच्या अंगावर दूधच कमी." ते ऐकत ऐकत मला खरं वाटायला लागलं. दोन महिन्यांत दूध आटलं. पोरगी वरच्या दुधावर गेली.

पुढे काही वर्षांनी मी स्तनपान सल्लागाराचं प्रशिक्षण घेतलं. दुसऱ्या बाळाच्या वेळी पहिल्यांदा स्वतःवर मोजपट्टी धरली. निपल भरलं सोळा मिलिमीटर. मला सतरा-अठराचा कप हवा होता आणि मी चोवीसचा लावून बसले होते. सहा मिलिमीटर जास्त. कासारमामांच्या भाषेत, दोन-चारच्या हातात दोन-आठ. त्या दिवशी मी रडले, कारण पाच वर्षं मी माझ्या शरीराला दोष देत होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "मशीन लावली की म्हशीगत वाटतं." ताई, बरं बोललात. आपल्या पलूस-भिलवडीकडच्या गोठ्यांत दूध काढायची मशिनं आहेत. त्या कपाच्या आतलं रबर जनावराच्या सडाचं माप बघून बसवतात, आणि झिजलं की बदलतात. नाहीतर सड सुजतात, दूध घटतं, हे गोठ्यातल्या पोराला कळतं. म्हशीचं माप बघितलं जातं आणि बाळंतिणीचं बघितलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

कायदाही असाच अर्ध्या वाटेवर थांबतो. १९६१चा मातृत्व लाभ कायदा २०१७ साली सुधारला, पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टीचीही कायद्यात तरतूद आहे. पण ती सुट्टी चादरींच्या खोलीत काढायची असेल तर...

चिठ्ठी आलीय. हॉल पाचला सोडायचाय, दहा मिनिटं उरलीत. ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर सांगते.

माप निपलचं घ्यायचं, बुडाशी, आडवं, मिलिमीटरमध्ये. भोवतीचा काळसर भाग धरायचा नाही. पंप लावायच्या आधी, अंग शांत असताना. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, आत्याचे हात आठवा. जे माप येईल तेवढा किंवा त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा कप घेऊन सुरुवात करा. लहान मापासाठी वेगळा पंप घ्यावा लागत नाही, आत बसणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगा मिळतात. बाळंतपणानंतरची सूज ओसरली की पुन्हा मोजा.

बरोबर बसलाय हे कसं ओळखायचं? निपल नळीत मोकळेपणी पुढे-मागे होतं, काळसर भाग फारसा आत जात नाही, दुखत नाही, आणि नंतर स्तन हलका, मऊ लागतो. कप मोठा असेल तर भोवतीची कातडी आत ओढली जाऊन सुजते, दूधवाहिन्या दबतात. लहान असेल तर निपल भिंतीला घासतं, बुडाशी गोल वळ उठतो. दोन्हींत दूध आत राहतं, आणि आत राहिलं की शरीर पुढचं दूध कमी बनवतं. शिवाय दुखत असताना पान्हा नीट फुटत नाही. मग आपण म्हणतो, अंगावर दूध कमी.

खेच सोसवेल तेवढीच. आधी एक-दोन मिनिटं हलकी आणि भरभर, पान्हा फुटला की सावकाश. कप छातीत रुतवू नका, नुसता टेकवा. कासारमामा साबणाचा हात लावायचे, तुम्ही खोबरेल तेलाचं एक बोट लावा. माप बरोबर असून खेच कमी वाटली तर आतला छोटा रबरी व्हॉल्व्ह बघा, तो सैल होतो. आणि स्तनात लाल, गरम गाठ येऊन ताप आला तर लाडू-खिरीवर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मागच्या खोलीला आतून कडी आहे, मी बघून आलेय. मोजपट्ट्या टेबलावर आहेत. ज्यांना माप घ्यायचंय त्यांनी एकेक करून या. सासूबाई, तेवढा वेळ बाळ तुमच्याकडे.