रिपोर्ट येईपर्यंत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत काय करावं'. त्यावर मी येणारच आहे. पण आधी रेडिओबद्दल बोलू द्या. रिपोर्टची वाट पाहणाऱ्याच्या उशाशी मोबाईल नको, रेडिओ हवा, आणि शेजारी दोन मित्र हवेत, असं माझं ठाम मत आहे. मोबाईलवर माणूस रात्री दोन वाजता आजारांची नावं शोधत बसतो. रेडिओत काही शोधता येत नाही, म्हणूनच तो इथे कामाचा.

एकत्र बसून ऐकणं आपल्या भागाला नवं नाही. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळं काढली. साधारण वीस माणसं संचाभोवती बसायची, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायची आणि तो संपला की त्यावर चर्चा करायची. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूरॅथ यांनी त्याचा अभ्यास केला. पुढे 1959 मध्ये ही कल्पना देशभर गेली. मंडळं निघाली तेव्हा आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. ते 2 ऑक्टोबर 1953 चं. हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तक्रार. 'मीडियम वेव्हवर नुसती खरखर येते' म्हणून चांगले संच भंगारात जातात. 792 किलोहर्ट्झ, 378.8 मीटर, हा पुणे केंद्राचा आकडा इथे किती जणांना पाठ आहे? बघा, निम्मं सभागृह! खरखरीचा दोष बहुतेक वेळा घरातलाच असतो. संच सेलवर लावा आणि घरातला मेन स्विच बंद करा. आवाज स्वच्छ झाला की समजा, गुन्हेगार घरात आहे. मग सगळे एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचे छोटे स्विच, पाडून मेन चालू करा आणि ते एकेक चढवत जा. खरखर परत येईल त्या सर्किटवर स्वस्तातला एलईडी दिवा किंवा मोबाईलचा चार्जर सापडतो. त्यांच्यातला वीज बदलणारा भाग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि नेमका मध्यम लहरींवर गोंगाट करतो. मेन बंद करूनही खरखर राहिली, तर शेजाऱ्यांकडे चौकशी करा, भांडण नको.

दुसरं, टेलिस्कोपिक दांडी ओढून काही होत नाही. ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आत आडवी बसवलेली, तारेची गुंडाळी असलेली फेराइटची कांडी. कांडीची लांब बाजू प्रक्षेपकाकडे असली की आवाज भरून येतो, टोक तिकडे वळलं की बसतो. प्रक्षेपक स्टुडिओच्याच इमारतीत असेल असं नाही, म्हणून स्टुडिओ शिवाजीनगरला आहे या अंदाजाने संच तिकडे वळवू नका. हळूहळू फिरवत कानाने ठरवा. सिमेंटच्या इमारतीत खिडकीजवळ ठेवा, भिंतीतल्या सळ्या लहरी अडवतात. रात्री लांबची केंद्रं घुसतात, कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्यास्तानंतर विरतो. तो संचाचा दोष नाही. आवाजाचं बटण फिरवताना करकरत असेल तर आत धूळ आहे: काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडा आणि बटण वीसेक वेळा फिरवा. संच महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून स्प्रिंगा खातात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं उरली, आता मूळ विषय भरभर घेतो.

उपाशीपोटीच्या साखरेला आठ ते बारा तास पोट रिकामं हवं. पाणी चालतं, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नव्हे; घड्याळ मित्राकडे द्या. थायरॉईडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यानंतर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

रिपोर्ट उशिरा आला म्हणजे बातमी वाईट, हे गणित डोक्यातून काढा. लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात: जंतू वाढायला एक रात्र, कोणतं औषध चालेल ते बघायला दुसरी. बायोप्सीचा तुकडा निदान सहा तास फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रवात, राहतो, मोठा असेल तर जास्त. मग यंत्रात त्यातलं पाणी काढून मेण भरतात, तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-चार हजारांशाचे, काप काढतात, रंगवतात. हाड असेल तर आधी आम्लात मऊ करावं लागतं, त्यात दिवस जातात. आयएचसी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायची खास रंगवण्याची तपासणी, सांगितली तर आणखी काही दिवस.

मित्रांनी 'आला का रिपोर्ट?' असा रोज फोन करू नये. घरातला एकच माणूस ठरवा, चौकशी त्याच्याकडे. तुम्ही संध्याकाळी जा, बातम्या लावा, मग त्यावर वाद घाला, श्रोता मंडळासारखा.

आणि बायोप्सीचे मेणाचे ठोकळे नि काचपट्ट्या लॅब जपून ठेवते. दुसरं मत घ्यायचं असेल तर त्या लेखी अर्ज करून मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट नेऊन भागत नाही.