महिन्याचा बाजार आणि घराची तब्येत

मंडळी, कोल्हापुरात आहारावर बोलायला कुणी उभं राहिलं की समोरची निम्मी माणसं आधीच सावध होऊन बसतात. आता ही बाई तिखट बंद करायला सांगणार, रस्सा बंद करायला सांगणार आणि उकडलेल्या भाज्यांवर आणून ठेवणार, असा सगळ्यांचा अंदाज असतो. तेव्हा आधीच सांगून टाकते, तिखटाशी माझं भांडण नाही. ज्यांना आम्लपित्त आहे, मूळव्याध आहे, त्यांनी ते कमी करावं. बाकीच्यांनी बिनधास्त खावं. मिरचीनं रक्तदाब वाढत नाही, पोटाचा घेरही वाढत नाही. रश्श्यावर जो लालभडक तवंग येतो तो तेलाचा असतो आणि रश्श्याला जी चव येते तिच्यात मिठाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. नाव मात्र मिरचीचं खराब होतं.

दुसरी गोष्ट. आपण आहाराचा विचार ताट वाढल्यावर करतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण महिन्याच्या एक तारखेला वाण्याकडे जी यादी गेली तिनंच ताट ठरवलेलं असतं. घरात पाच किलो तेलाचा डबा आला की तो महिनाअखेरीला संपतोच. दीड किलो फरसाण आलं की तेही संपतं. म्हणून आज ताटाबद्दल कमी आणि यादीबद्दल जास्त बोलू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत बैठं काम करणाऱ्या माणसाच्या २००० कॅलरींच्या दिवसाचा हिशेब कच्च्या वजनात दिला आहे. तृणधान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा ३५, तेलतूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर. कागदावर हे आकडे निर्जीव वाटतात. चार मोठ्या माणसांच्या घराला आणि तीस दिवसांना त्यांचा गुणाकार करून बघा. महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलो, शेंगदाणे-तीळ-जवस मिळून ४ किलोच्या आसपास, फळं १२ किलो. भाज्या आठवड्याला ११ किलो. आणि तेल, तूप, लोणी सगळं मिळून महिन्याला सव्वातीन किलो.

आता आपली यादी शेजारी ठेवा. बहुतेक घरांत धान्याचा आकडा जुळतो किंवा पुढे जातो. तेलाचा हमखास पुढे जातो. डाळ निम्म्यावर असते आणि भाजीचा आकडा बघून बायका हसतात. आठवड्याला अकरा किलो भाजी आणायची कुणी, निवडायची कुणी आणि ठेवायची कुठे? रास्त प्रश्न आहे. एकदम तिथं पोचायचं नाही. सध्या पाच किलो येत असेल तर पुढच्या महिन्यात सात किलो आणा. त्यातली दोन किलो अशी असू द्या की निवडायचे कष्टच पडू नयेत, म्हणजे काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, दुधी. मेथी-शेपू-पोकळा मंडईतून आणल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवायच्या. गवार-दोडका चार दिवस टिकतो, कोबी-भोपळा आठवडाअखेरीला. हा क्रम पाळला नाही की पालेभाजी सडते आणि मग ‘आमच्याकडं भाजी वाया जाते’ म्हणून पुन्हा बटाट्यावर गाडी येते.

शेतात राबणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसाला धान्य जास्त लागतं. त्याला २५० ग्रॅमचा नियम लावू नका.

तेलाचा हिशेब सगळ्यांत सोपा आहे आणि सगळ्यांत जास्त चुकतो. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला तीन पिशव्या तेल आणि अर्धा किलो तूप-लोणी, एवढीच सोय आहे. माणशी दिवसाला पोह्याचे दोन चमचे. पळीनं तेल ओतायची सवय असेल तर हा हिशेब पहिल्याच फोडणीत मोडतो. कढईजवळ तेलाची बाटली किंवा कावळा, म्हणजे तेल ओतायचं तोटीचं भांडं, ठेवू नका, वाटी आणि चमचा ठेवा. सकाळी दिवसाचं तेल, चौघांसाठी १२० मिलिलिटर, वाटीत काढा आणि त्यातूनच दिवस काढा. त्यातलं तूप वेगळं वापरणार असाल तर तेवढं तेल कमी घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न येतो, की तेल कमी केलं तर रश्श्याला रंग कसा येणार? प्रश्न बरोबर आहे. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. म्हणून तेल कमी झालं की रस्सा फिका दिसतो आणि खाणारा म्हणतो, ‘चव न्हाई आली.’ यावर उपाय आहे. चौघांच्या मटकीच्या रश्श्याला दोन पोह्याचे चमचे तेल पुरतं. मोहरी-जिरं तडतडलं की बारीक चिरलेला कांदा घाला आणि चिकटायला लागला की तेल न घालता पाण्याचा हबका मारा. असं तीन-चारदा केलं की कांदा तांबूस होतो. मग गॅस बंद करा. कांदा-लसूण चटणीचे दोन चमचे घाला, दहा-पंधरा सेकंद परता आणि लगेच कढत पाणी ओता. गॅस चालू ठेवला तर कमी तेलात चटणी फार लवकर करपते, काळी पडते आणि रस्सा कडवट होतो. गार पाणी ओतलं तर रंग वर येत नाही. रंगासाठी चटणीत ब्याडगी मिरचीचं प्रमाण वाढवा, ती लाल जास्त आणि तिखट कमी असते. दाटपणासाठी सुक्या खोबऱ्याचं वाटण निम्मं करा आणि उकडलेली मटकी दोन डाव वाटून घाला. तवंग पातळ येईल, पण येईल.

मटणाच्या अळणी पाण्याचंही असंच. रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी चरबीचा पांढरा थर वर जमतो. तो काढून टाका आणि खाली राहिलेल्या पाण्याचा तांबडा रस्सा करा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू सगळं असतं, त्यामुळे तो वाटीनं प्यायचा पदार्थ आहे, तांब्यानं नव्हे.

मिठाचा आकडा एका वाक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. चौघांच्या घरात एक किलोची पिशवी किमान पन्नास दिवस जायला हवी. ती कितव्या दिवशी संपते ते पिशवीवर तारीख लिहून बघा. तीसाव्या दिवशी संपली तर पापड, लोणचं, फरसाण, बाहेरची मिसळ न धरताच आपण मर्यादेबाहेर आहोत. आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच असतं आणि भाजीत ती घातल्यावर आपण सवयीनं पुन्हा पूर्ण मीठ घालतो. चटणीतलं मीठ कमी करू नका, त्यावरच ती वर्षभर टिकते, नाहीतर बुरशी धरते. भाजीत घालायचं मीठ निम्मं करा आणि चव बघून वाढवा. पापड तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचतं, मीठ मात्र तेवढंच राहतं. पुडक्यावर सोडियम लिहिलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात उभ्या-उभ्या हिशेब करता येतो.

गुळाबद्दल बोललं की इथं लोक रागावतात. आपला गूळ उत्तम आहे, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास कॅलरी असतात, साखरेत ४००. चहात घातलेल्या दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह नगण्य असतं. मधुमेहाच्या माणसानं ‘गुळाचा आहे’ म्हणून चार कप चहा प्यावा असं त्यात काहीही नाही. चवीसाठी गूळ खा, औषध म्हणून नको. गूळ, साखर आणि बाहेरची मिठाई सगळं मिळून माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, एवढ्यानंच ती मर्यादा ओलांडली जाते.

भाकरीबद्दल उलट गैरसमज आहे. भाकरी खाल्ली की वजन उतरतं, असं नाही. ज्वारी आणि गहू यांच्यातली ऊर्जा जवळजवळ सारखीच आहे. भाकरीला तेल लागत नाही, ती चावायला वेळ लागतो आणि पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, हा तिचा फायदा. तीनाऐवजी चार खाल्ल्या तर तो फायदा गेला. राधानगरी-गगनबावड्याकडची नाचणी मात्र घरात आलीच पाहिजे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. ज्यांना नुसत्या नाचणीची भाकरी जमत नाही त्यांनी तीन भाग ज्वारी, एक भाग नाचणी दळून आणावी. वाटीभर पाणी उकळून त्यात वाटीभर पीठ घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गरम असतानाच मळा. या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यानं त्यातला स्टार्च फुगतो आणि भाकरी चिरत नाही. महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवलं तर त्याची विरी जाते, म्हणजे पीठ बांधून येत नाही. पंधरा दिवसांचंच आणा.

मटकीला मोड आणताना पावसाळ्यात बहुतेकांची फसगत होते. आठ-दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि मगच फडक्यात बांधा. पाणी राहिलं की चिकट होते आणि आंबूस वास येतो. तशी मटकी सरळ टाकून द्यायची. मोड आलेलं कडधान्य शिजवूनच खा. ओलसर उबेत जंतूही वाढतात, गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी कच्चे मोड टाळावेत. वर लिंबू पिळलं की डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला की तेच वाया जातं. तासभर थांबा. घरच्या मिसळीत मटकी दीड वाटी आणि फरसाण एक मूठ असं प्रमाण ठेवा, कट वेगळ्या वाटीत द्या. पावाचे दोन स्लाइस पुरेत.

दुधाचं थोडक्यात. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. उकळून, गार करून साय काढली की तो बराच कमी होतो आणि प्रथिनं जागेवर राहतात. म्हशी समोर पिळून देतात त्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध न उकळता पिणं धोक्याचं आहे, क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू त्यातून येऊ शकतात. खासबाग कुस्ती मैदान १९१२ चं, तेव्हापासून किंवा त्याआधीपासून या गावात थंडाई, तूप, बदाम हा पैलवानाचा खुराक आहे. तो शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या शरीरासाठी होता. तालीम सुटून वीस वर्षं झाली तरी खुराक चालूच, हे आपल्या गल्लोगल्ली दिसतं.

आता दुसऱ्याला कसं वळवायचं? सांगून कुणी बदलत नाही, जेवताना सांगितलं तर उलट हट्टाला पेटतं. ‘अण्णा, तुम्हाला शुगर आहे, भात नको’ असं चारचौघांत म्हटलं की अण्णा मुद्दाम दुसऱ्यांदा भात घेतात. बोलायच्या ऐवजी वाढायचा क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी ताटात येऊ द्या, पाच मिनिटांनी भाकरी, भात सगळ्यांत शेवटी. मिठाची वाटी आणि लोणच्याची बरणी पंगतीतून उचलून कपाटात ठेवा. मागितली तर द्या, नाही म्हणू नका, उठून आणावी लागली की निम्म्या वेळा कुणी मागत नाही. एका महिन्यात एकच गोष्ट बदला. तेल, मीठ आणि साखर तिन्ही एकदम कमी केलं तर घर आठवडाभर सोसतं आणि नवव्या दिवशी बाहेरून बिर्याणी येते. मीठ तर हळूहळूच, जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

घरातली सासू किंवा आई जेवण करत असेल तर तिला वगळून काहीही होणार नाही. ‘आई, तुमच्या हातची चव तीच ठेवून तेल कमी करता येतंय का बघू या’ असं म्हटलं की ती स्वतःच युक्त्या काढते. आग्रह हा आपला जुना रोग आहे. त्याला ‘नको’ चालत नाही, ‘आज भाजीच पुन्हा वाढा’ चालतं. बचत गटाच्या बायकांना एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांचं वाण लुटण्याऐवजी पाच आणि पंधरा मिलिलिटरचे मोजमापाचे चमचे लुटा. तेवढ्याच पैशात होतं आणि रोज हातात राहतं. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी महाप्रसादाच्या आमटीत डाळ दीडपट आणि तेल पाऊणपट करून बघावं. तळणीचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या तळणीला वापरू नये. दाट झालं, फेस आला, लवकर धूर सोडायला लागलं की ते संपलं. नव्या तेलात मिसळून ते सुधारत नाही.

काही प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं भाकरी-भात एकदम निम्मा करावा का? नाही. औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं तर रक्तातली साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, गरगरणं सुरू झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. आधी डॉक्टरांशी बोलून औषधाचा डोस ठरवा, मग ताट बदला.

दुसरी चिठ्ठी आहे सैंधवाची. सैंधवही मीठच आहे, रक्तदाबाच्या दृष्टीनं फरक नाही, आणि बहुतेक सैंधवात आयोडिन घातलेलं नसतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये, गोळ्यांची चिठ्ठी बरोबर नेऊन विचारा.