दुनळीची दोस्ती: शिकार बंद झाली, मंडळी मात्र जमतातच

नमस्कार मंडळी!

ग्वाल्हेरात आचारसंहिता लागली, की पक्षांच्या कचेऱ्यांइतकीच वर्दळ बंदुकांच्या दुकानांत सुरू होते. परवान्याची हत्यारं निवडणुकीपुरती पोलीस थाण्यात, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागतात. आणि चंबळच्या या टापूत परवाने काही थोडेथोडके नाहीत. 2019 साली तर इथल्या प्रशासनाने अटच घातली होती: बंदुकीचा परवाना हवाय? आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्याबरोबर सेल्फी काढून आणा!

तर त्या जमा करण्याच्या रांगेत दोन तऱ्हेची माणसं असतात. बहुतेक जण बंदूक देतात, पावती खिशात घालतात आणि निघतात. पण मधूनच एखादे काका येतात, हातात बंदुकीची चामड्याची जुनी पेटी. पावती मिळाली तरी ते हलत नाहीत, कारण मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडेही तसलीच पेटी असते.

"बंदूक बर्मिंगहॅमची का?"

"नाही हो, कलकत्त्याची. मँटन कंपनीची."

झालं! ओळख ना पाळख, पुढचा अर्धा तास दोघं एकाच नळीवर वाकलेले. एक ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळच्या जुन्या सरदार घराण्यातले, दुसरे मुरैनाकडचे शेतकरी. एरवी हे दोघं एकमेकांना चहा तरी विचारतील का, शंकाच आहे.

आजचा व्हिडिओ या मंडळींवर. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: भारतात शिकार हा गुन्हा आहे. तितर असो, लावा असो की बदक, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. ते योग्यच झालं. मी शिकारीची जाहिरात करायला बसलेलो नाही.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. जुन्या दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, जमवणारे आणि पाखरांची शिकार करणारे, हे लोक जगभर एकमेकांना इतके धरून का असतात? लोक म्हणतात, राजेशाहीची हौस. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं, की जुनी बंदूक एकट्या माणसाला सांभाळताच येत नाही. चार जाणकार भोवती नसतील तर ती एकतर गंजते, नाहीतर फुटते.

कशी, ते बघू.

(टेबलावर नळीचं चित्र)

बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून वीस बोअरची नळी बाराहून बारीक असते. आकडा वाढला की नळी लहान.

आता या नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं, ती जागा जुन्या इंग्रजी बंदुकांत बहुधा अडीच इंचाची असते. म्हणजे 65 मिलिमीटर. आजची बरीच काडतुसं 70 मिलिमीटरची. गंमत अशी, की 70 चं काडतूस 65 च्या घरात सहज आत जातं! कारण काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, दुमडलेलं तोंड उघडल्यावरची. आत घालताना ते आखूडच असतं. बार उडाला की तोंड उघडायला जागा मिळत नाही, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. शंभर वर्षांची पातळ नळी तो दाब सोसेलच याची खात्री कोण देणार? 'मावलं म्हणजे चाललं' हा हिशोब इथे घातक आहे. आणि हे बंदुकीवर कुठेही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. कोणीतरी सांगावं लागतं.

नळी उलटी करा. खाली बारीक शिक्के दिसतील: मुकुट, त्याखाली अक्षरं. इंग्लंडात बंदूक विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जास्तीचा बार भरून तपासावी लागते. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेची सनद 1637 ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 चं. मुकुटाखाली 'एनपी' असेल तर नळी नायट्रो, म्हणजे नंतर आलेल्या बिनधुराच्या बंदुकीच्या दारूसाठी तपासलेली. तसा शिक्का नसेल, तर ती फक्त काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते. अशा बंदुकीत आजचं काडतूस घालायचं नाही, विषय संपला.

त्यातून नळी दमास्कस असली तर बघायलाच नको. लोखंड आणि पोलादाच्या कांबी पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या; वरून पाण्यावर तरंग उठावेत तशी नक्षी. मात्र त्या जोडात आत कुठे गंज बसलाय, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जाणकार नळ्या सुट्या करून टांगतात आणि लाकडाने हलकेच टोला देतात. जोड घट्ट असेल तर नाद घुमतो. दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असेल तर 'थड्' असा बसका आवाज. यंत्राने नळीची जाडीही मोजतात, पण पहिली परीक्षा कानाची. आणि हा कान शिकवणारा कोणीतरी लागतोच, यूट्यूबवर नाही येत तो. माझ्या चॅनेलवरही नाही.

परदेशात याच गरजेतून मोठमोठ्या संघटना उभ्या राहिल्या. अमेरिकेत पार्कर, एल. सी. स्मिथ, फॉक्स अशा कारखान्यांच्या दुनळ्या होत्या. कारखाने कधीच मिटले. पण प्रत्येक नावाचे संग्राहक एकत्र आले, जुने दप्तर, क्रमांक, सुटे भाग जपत राहिले. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या बंदुकीवरचा क्रमांक कळवला, तर ती कधी बनली आणि पहिल्यांदा कोणासाठी, हे त्यांच्या वहीतून आजही निघू शकतं. या वह्यांत आपल्या संस्थानिकांचीही नावं आहेत, हे सांगायला नको.

मग शिशाचा प्रश्न आला. काडतुसातले छर्रे म्हणजे शिशाचे बारीक गोळे; पाणथळीत पडलेले ते बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी आहे, इंग्लंडमध्ये 1999 पासून. पर्याय पोलादी छर्ऱ्यांचा. पण पोलाद कठीण, जुनी नळी मऊ. मग या लोकांनी बिस्मथ या पोलादाहून मऊ धातूचे छर्रे आणले. ते महाग आहेत, म्हणून काडतुसं घरी भरायची, मापं एकमेकांना सांगायची. बघा, पुन्हा तेच: एकट्याचं काम नाही.

आणि पाखरांची शिकार मुळातच घोळक्याची. वाघासाठी माणूस मचाणावर मूग गिळून बसायचा. तितराला मात्र हाकारे लागतात, कुत्रा लागतो, शेजारी उभा असलेला दुसरा बंदूकवाला भरवशाचा लागतो. ब्रिटनमध्ये कोण कुठे उभं राहणार ते चिठ्ठी टाकून ठरवतात. शेजाऱ्याच्या अंगावरून जाणारं पाखरू त्याचं. त्यावर हात टाकायचा नाही. खालून उडणारं सोडून द्यायचं, कारण त्या रेषेत माणूस असू शकतो. किती पाडली असं वैयक्तिक विचारणं असभ्य, मोजदाद सगळ्या टोळीची मिळून. कुत्र्यांनाही शिस्त! एका कुत्र्याने पाखराचा वास धरून अंग ताठ केलं, की मागच्या कुत्र्याने जागच्या जागी थांबायचं. पुढच्याचा मान राखायचा.

पण माझ्या मते या मंडळींची खरी ओळख एका साध्या सवयीत आहे. बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना ती बिजागरीतून उघडायची, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवायच्या आणि मगच द्यायची. घेणाराही पुन्हा बघतो. यात कोणी अपमान मानत नाही. वर्षानुवर्षांचा दोस्त असला तरी हेच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांचा या लोकांना इतका संताप का येतो, ते इथे कळतं. त्या हर्ष फायरला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ग्वाल्हेर-भिंडकडच्या वरातींनी ऐकलं तर बरं.

आता या दोस्तीची काळी बाजू. भरतपूर आपल्यापासून फार लांब नाही. तिथे 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पाहुणचारात एका दिवसात 4,273 पाखरं पाडली. आकडे दगडावर कोरलेत, तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गेलात तर आजही दिसतात. यजमान आनंदी, पाहुणे आनंदी, सगळे एकमेकांची पाठ थोपटतायत. सोबत माणसाला शहाणं करते तशी बेभानही करते. टोळीत 'आता पुरे' म्हणणारा एकही नसला की दगडावर असे आकडे कोरले जातात.

आणि तरीही, पाखरांची नीट ओळख या देशाला करून दिली ती बऱ्याच अंशी बंदूकवाल्यांनीच. पक्षितज्ज्ञ सालिम अली लहानपणी एअरगनने चिमणी पाडतात, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो, म्हणून मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत विचारायला जातात. तिथून सगळं सुरू झालं. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मध्य भारताची पाहणी केली, त्यात ग्वाल्हेर होतं, इंदूरही. ती पाहणी दुर्बिणीइतकीच बंदुकीने झाली, कारण नमुने संग्रहालयात ठेवायचे होते. पुढे याच माणसाने भरतपूर वाचवायला जिवाचं रान केलं.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि शिकारीचं रान. तिथलं माधव राष्ट्रीय उद्यान 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, तिथला सख्यासागर तलाव 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे. हिवाळ्यात तिथे तलवार बदकं, थापटे, चक्रवाक उतरतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, आशियाभर 1987 पासून चाललेली. अशा गणनेत एखादे आजोबा भेटले, जे दुर्बीण न लावता नुसत्या पंखांच्या फडफडीवरून पाखरू सांगतात, तर समजा, घरी भिंतीवर काय टांगलंय!

ज्यांना बार उडवायचाच आहे, त्यांच्यासाठी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या आहेत. ट्रॅप, स्कीट हे खेळ पाखरांच्या शिकारीतूनच निघाले. बिकानेरचे करणीसिंह पाच ऑलिंपिक खेळले, राज्यवर्धन राठोडांनी अथेन्सला 2004 मध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं.

आता शेवटचा आणि आपल्याकडचा खरा पेच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद आहे. म्हणजे देशात जेवढ्या जुन्या इंग्रजी दुनळ्या आहेत, त्याच इकडून तिकडे फिरतात. त्यात 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, वारसाहक्काने आली तरी दोनच. मग घरातली तिसरी कुठे द्यायची? नव्या पिढीला पिस्तूल हवं, दुनळी अडगळ. तेव्हापासून या मंडळींत भेटल्यावर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "तुमच्या परवान्यावर जागा आहे का हो?" आजोबांची बंदूक भंगारात जाण्यापेक्षा परक्याच्या, पण जाणकाराच्या परवान्यावर चढलेली बरी. मला हा व्यवहार फार आवडतो. पैसा त्यात नाममात्र असतो.

तुमच्या घरी अशी बंदूक असेल आणि परवानाधारक वारले असतील, तर ती माळ्यावर ठेवून देऊ नका. विनाविलंब थाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. परवाना आता पाच वर्षांचा मिळतो. नळी कापून आखूड करून घेऊ नका, तो वेगळा गुन्हा आहे. आणि जमा करण्याआधी हौसेने पॉलिश पेपर घेऊन बसू नका! नळीचा रंग, ते बारीक शिक्के, क्रमांक, सगळं घासून जाईल, आणि मग रांगेतल्या त्या काकांना विचारूनही काही सांगता येणार नाही.